खिळ्यावरचा श्वास

माझा धंदा माणसांना जास्तीचं नाक लावायचा आहे. हे मी लग्नाच्या पंगतीत सांगतो तेव्हा शेजारचा माणूस हमखास घास हातात धरून माझ्याकडे वळतो, आणि मला तेच हवं असतं. मग मी खिशातून ते नाक काढतो. अंगठ्याएवढं, धातूचं, खाली निमुळतं होत गेलेलं. त्याला पारदर्शक नळी, नळीच्या दुसऱ्या टोकाला कमरेच्या पट्ट्यात अडकवायची एक पेटी. पेटीचं बटण दाबलं की ती मांजरासारखी गुरगुरायला लागते आणि नाक हवा ओढायला लागतं. माणूस जी हवा घेतो तीच हवा, त्याच्या तोंडापासून वीतभर अंतरावर. मोठी धूळ खाली पडते, बारीक धूळ आतल्या फिल्टरवर जाऊन बसते. संध्याकाळी तो गोल पांढरा फिल्टर मी देवासच्या आमच्या लॅबमध्ये आणतो, आमची केमिस्ट तो तोलते, तपासते, आणि सांगते की या माणसाच्या छातीत आज काय गेलं.

इथवर ऐकल्यावर शेजारचा माणूस घास खाली ठेवतो. बायको म्हणते, "झालं का तुमचं? वाढप्याला जिलबी परत न्यावी लागली."

मी मूळचा देवासचाच. घर जुनं, दरबारातल्या नोकऱ्यांसाठी आलेलं, आता नोकऱ्या गेल्या आणि दरबारही गेला, नाटकाची हौस तेवढी राहिली. तरुणपणी गणपतीतल्या नाटकांत मी भुताची कामं करत असे. पांढरं पीठ फासायचं, विंगेत उभं राहायचं आणि दिवे मंद झाले की हळूच पुढे यायचं. पहिल्या रांगेतली पोरं आयांच्या कुशीत शिरायची. तेव्हा मला वाटायचं, पांढरी पूड फासलेलं भूत हे आपलं सोंग आहे. पुढे गारगोटी दळायच्या कारखान्यांत जायला लागलो तेव्हा कळलं की तिकडे सगळेच पहाटेपासून रंगून बसलेले असतात, आणि त्यांना पाहून कोणीही किंचाळत नाही.

तर धारच्या पलीकडे, अमझेऱ्याच्या वाटेवर, असा एक कारखाना आहे. धारला पोहे खायला थांबलं की मांडूला जाणाऱ्या प्रवाशांच्या गाड्या एका रस्त्याने निघतात, हसत, फोटो काढत, आणि आमची गाडी दुसऱ्या. थोडं गेल्यावर झाडं पांढरी व्हायला लागतात. ड्रायव्हर हाटपिपल्याचा, माझ्याच वयाचा, वाघाला भिणार नाही, पण या झाडांना भितो. फाटकाशी गाडी लावून त्याने काचा वर केल्या आणि म्हणाला, "भिया, अपन तो गाडी में ही भले."

सुपरवायझर मात्र फाटकापर्यंत सामोरा आला. धारच्या जुन्या मराठी घरातला, काकाच्या घरी अजून देवळाची पूजा चालू, त्यामुळे बोलणं असं की जणू माझ्या मुंजीचं आमंत्रण द्यायला आला आहे.

"यावे, यावे. आपली वाटच पाहत होतो. चहा आधी घेणार की आधी आत पायधूळ झाडणार?"

"पायधूळ झाडायला जागा आहे का आत?" मी म्हणालो.

तो हसला. हसताना त्याच्या मिशीतून पूड उडाली.

आत दोन चक्क्या. डोंगरातली गारगोटी एका बाजूने आत जाते, दुसऱ्या बाजूने मैद्यासारखी बाहेर येते, काचेच्या आणि फरशांच्या कारखान्यांसाठी. तिसऱ्या बाजूला गोण्या भरायच्या तोट्या. एका तोटीवर दोन पुरुष आळीपाळीने उभे, आणि दुसऱ्या चक्कीच्या आडोशाच्या तोटीवर एक बाई. सुपरवायझरने मला कामाचं गांभीर्य सांगितलं. मालक इंदूरला असतात. त्यांनी फोनवर शब्द दिला होता: बाईच्या तोटीवरचा आकडा कायद्याच्या हद्दीच्या वर गेला, तर ती तोटी बंद करून तिच्यावर हुड बसवायचा, धूळ ओढून घेणारी नळी जोडायची आणि बाईला तिथून हलवायचं. आकडा खाली राहिला, तर आहे तसंच चालू.

"बाईची छाती अजून साफ आहे," तो हळू आवाजात म्हणाला. "गेल्या महिन्यात फोटो काढला. अजून."

ते 'अजून' त्याने असं उच्चारलं की मी चहाचा कप खाली ठेवला.

"तिला आत्ताच हलवा की. आकड्याला कशाला थांबता?"

"हलत नाही ती. आणि दुसरं कोणी तिथे उभं राहत नाही."

मग त्याने मला ती जागा दाखवली. तोटीच्या डाव्या हाताला, चक्की आणि खांब यांच्या मधे, एक माणूस उभा राहील एवढी रिकामी जागा. खांबावर खिळा, खिळ्यावर घडी घातलेला गमछा. त्या सगळ्या पांढऱ्या जगात ती एकच लाल वस्तू होती, आणि तिच्यावर धुळीचा कण नव्हता. बाई तो रोज सकाळी नळावर धुते, पिळते आणि परत तिथे टांगते. गमछा तिच्या नवऱ्याचा. आधी तोटीवर तो असायचा. मग धाप लागायला लागली, मग गावी गेला, मग गेला. तो गेल्यावर या जागेतून खोकला ऐकू यायला लागला म्हणतात. दोन माणसांनी काम सोडलं, एकाने तोटी बदलून मागितली. शेवटी बाई स्वतःच पुढे आली आणि म्हणाली, मी उभी राहते, मला त्याची काय भीती.

"खोकला म्हणजे, वॉल्व्ह आहे हो," सुपरवायझर घाईने म्हणाला. "धूळ झाडायच्या यंत्राचा. हवा सुटली की खक् करतो. भूतबीत काही नाही."

असं म्हणत तो मला तोटीकडे घेऊन गेला. सरळ जायचं तर वाट त्या रिकाम्या जागेतून होती. त्याने वळसा घातला. देवळात प्रदक्षिणा घालावी तसा, जागा उजव्या हाताला ठेवून. मी विज्ञानाचा पदवीधर. मीही वळसा घातला.

बाई पस्तिशीची असेल, कमीच. डोक्यावरून घट्ट ओढलेली ओढणी, तिच्या पदराने नाकतोंड बांधलेलं, पापण्या पांढऱ्या. ती मालवी बोलत होती, मधेच तिच्या गावची बोली. मी इथे मराठीत सांगतो, थोडी चव जाईल. तिच्या कमरेला पेटी लावली, नळी पाठीवरून खांद्यावर आणली, नाक गळ्याशी टाचलं, बटण दाबलं. पेटी गुरगुरायला लागली. आधी त्या दोघा पुरुषांना पेट्या लावल्या तेव्हा त्यांना हसू आलं होतं, एकाने दुसऱ्याला विचारलं होतं, "याला दूध लागतं काय रे?" ही हसली नाही. ती एकदम स्थिर झाली. मग नळीवर हळूच बोट फिरवलं, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत.

"याला वायर नाही?" तिने विचारलं.

"नाही. आत बॅटरी आहे."

"वीज गेली तर?"

"तरी चालतं. दिवसभर चालतं."

"हव," ती म्हणाली. मालव्यात हव म्हणजे हो. पण ते हव मला उद्देशून नव्हतं. ती त्या रिकाम्या जागेकडे बघून म्हणाली होती.

दुपारपर्यंत मी दाराजवळच्या खुर्चीत बसून राहिलो. माझ्या धंद्यात बसून बघणं हेही काम असतं. चक्क्यांच्या आवाजात बोलणं शक्य नव्हतं. सगळे हातवाऱ्यांनी बोलत, आणि मुकाभिनय एवढा उत्तम की मला टाळ्या वाजवाव्याशा वाटत होत्या. बाई खांबाआड अर्धी दिसत होती. ओढणी, कोपर, गोणीवर वाकणारी पाठ. आणि तो लाल गमछा. गमछा हलत होता. वाऱ्याने कापड फडफडतं तसा नव्हे. मधली घडी जराशी आत जायची, थांबायची. परत बाहेर, परत आत. मी स्वतःला सांगितलं, दोन दारं समोरासमोर आहेत, झुळूक येत असणार. मग मी झुळूक शोधायला बोट ओलं करून वर धरलं. झुळूक नव्हती.

जेवणाच्या सुट्टीला चक्क्या थांबल्या. एवढ्या आवाजानंतरची शांतता कानात दुखते. पुरुष डबे घेऊन झाडाखाली गेले. बाई तोटीखालीच बसून भाकरी खात होती. मला तिच्या पेटीची गुरगुर ऐकू येत होती, अगदी बारीक, समाधानी. आणि तेवढ्यात त्या रिकाम्या जागेतून कोणीतरी खोकलं.

आता मी अर्धं आयुष्य भूत होऊन खोकलेलो माणूस. नाटकी खोकला मला ओळखता येतो. हा नाटकी नव्हता. घसा साफ करण्याआधी माणूस जो अर्धा, अपुरा खोकला काढतो, शेजाऱ्याला त्रास नको म्हणून दाबलेला, तो होता. माझ्या हातावरचे केस उभे राहिले, आणि खोटं कशाला बोलू, मनातून मी खूश झालो. इतकी वर्षं या जातीचं काही भेटावं म्हणून वाट पाहत होतो.

बाईने मान वर केली नाही. भाकरीचा तुकडा मोडत म्हणाली, "हव. घे आता."

मी सुपरवायझरकडे पाहिलं. तो दारात उभा होता. "वॉल्व्ह," तो म्हणाला, पण ओठांनीच, आवाज आला नाही.

संध्याकाळी मी नाकं गोळा केली. पेट्यांवर दिवसभर चालल्याची खूण बरोबर होती. त्या बाईने नाक माझ्या हातात देताना दोन्ही हात पुढे केले, प्रसादाचं भांडं परत करावं तसे. "उद्या आणाल?" तिने विचारलं. मी म्हणालो, एका दिवसाचंच काम असतं. तिने खाली पाहिलं.

आमची केमिस्ट देवासचीच मुलगी, शाळा सगळी हिंदीत, मराठी बोलते झकास पण वाचायला दिली की पाण्यात पाय बुडवावा तसं एकेक अक्षर चाचपते. मला काका म्हणते. तिसऱ्या दिवशी तिने मला हाक मारली.

"काका, जरा इकडे या. तुम्ही ब्लँक दोन नेले होते का?"

ब्लँक म्हणजे असा फिल्टर जो मी नुसता बरोबर फिरवून आणतो. बंद डबीत, कोणाच्या गळ्यात न घालता. त्याच्यावर काही बसलेलं नसतं, बाकीच्यांची त्याच्याशी तुलना होते.

"एकच नेला होता," मी म्हणालो.

"मग हा कोणाचा? हा भी कोराच आहे."

ती बाईची डबी होती. दुसऱ्या तोटीवरच्या दोघा पुरुषांचे फिल्टर राखाडी झाले होते, हद्दीच्या जरा खालीवर. आणि धुळीच्या अगदी तोंडाशी उभ्या असलेल्या बाईचा फिल्टर कोरा.

"पंप बंद पडला असेल," ती म्हणाली.

"चालू होता. दिवसभर."

तिने फिल्टर उजेडात धरला. मग माझ्याकडे पाहिलं. "काका, मग ज्याच्या गळ्यात हा होता, तो माणूस दिवसभर श्वासच घेत नव्हता."

ती हे अगदी सहज म्हणाली आणि चहा आणायला गेली. मी मात्र खिडकीतून टेकडीवरच्या देवीच्या देवळाकडे पाहत बराच वेळ बसलो.

सुपरवायझरचा फोन आला. "आकडा खाली आहे असं कानावर आलं. मालकांना कळवू ना? ते विचारत होते, हुडचा खर्च टळला का." त्याच्या आवाजात आनंद नव्हता. हा आकडा मालकांना गेला असता तर बाई त्या तोटीवरच राहिली असती, आणि तिच्या छातीच्या फोटोतलं ते 'अजून' एक दिवस गळून पडलं असतं. हे त्यालाही कळत होतं, मलाही.

"कळवू नका," मी म्हणालो. "मी परत येतोय. आणि येताना माझा दिवा आणतो."

या दिव्याविषयी सांगायला हवं, कारण माझ्या सगळ्या सामानात तो माझा लाडका आहे. जी धूळ आपल्याला दिसते, कपड्यांवर, पापण्यांवर, ती फारशी वाईट नसते. नाकात अडकते, शिंकून जाते. जी छातीच्या तळापर्यंत जाते ती इतकी बारीक असते की समोर भरलेली असली तरी हवा स्वच्छ वाटते. पण अंधार करून, प्रखर दिव्याचा एकच झोत त्या हवेतून सोडला आणि झोताकडे तोंड करून, दिवा हाताआड धरून पाहिलं, तर ती दिसते. घरात कवडशात कण तरंगतात ना, तसंच, फक्त इथे ते कण नसतात, धूर असतो. मी अनेक साहेबांना हा खेळ दाखवला आहे. पडदा उघडल्यावर कोणीही पुन्हा पहिल्यासारखा श्वास घेत नाही.

परत गेलो तेव्हा मला पाहून बाईच्या डोळ्यांत जी चमक आली ती मी विसरत नाही. तिने स्वतःच कंबर पुढे केली. मी पेटी लावली, नाक टाचलं, बटण दाबलं, आणि चहाला जातो असं खुणेने सांगून निघालो. दाराबाहेर पडून, मागच्या बाजूने आत शिरून, भरलेल्या गोण्यांच्या थप्पीमागे उभा राहिलो. विंगेत उभं राहायची सवय कामाला येते.

तिने चारी बाजूंना पाहिलं. मग गळ्यापासून नाक काढलं, कमरेची पेटी काढली आणि ती रिकाम्या जागेत गेली. वळसा न घालता, सरळ, आपल्या घरात जावं तशी. पेटी तिने गमछ्याच्या घडीत ठेवली. नळी वर आणली. आणि नाक गमछ्याच्या आत, एकावर एक पदर गुंडाळून, अशा उंचीवर खोचलं जिथे उभ्या माणसाचं तोंड येईल. मग कापड नीट केलं. आजारी माणसाच्या अंगावरचं पांघरूण सारखं करतात तसं. ओल्या कापडाच्या एवढ्या पदरांतून गाळून आलेली हवा, फिल्टर कोरा का आला ते मला कळलं.

चक्क्या चालू होत्या, म्हणून मी जवळ जाऊन ओरडूनच विचारायला हवं होतं. ते मला जमलं नाही. मी सुपरवायझरला खूण केली, त्याने चक्क्या थांबवल्या. बाईने मला पाहिलं. ती घाबरली नाही, खांबासमोर आडवी आली.

"काढू नका," ती म्हणाली. "संध्याकाळी देतेच की."

"हे कशासाठी लावलंस त्याला?"

तिने माझ्याकडे असं पाहिलं की हा शिकलेला माणूस आणि याला एवढं कळू नये. "श्वासासाठी."

मग तिने सांगितलं. शेवटी शेवटी नवऱ्यासाठी घरी भाड्याने यंत्र आणलं होतं. अशीच पेटी, मोठी. अशीच पारदर्शक नळी, नाकाला लावायची. असंच गुरगुरायचं. ते चालू असलं की तो झोपायचा. पण गावात वीज राहत नाही. वीज गेली की ते गप्प व्हायचं, आणि मग त्याचा आवाज सुरू व्हायचा. "एकदा वीज गेली ती लवकर आलीच नाही," ती म्हणाली. "याला वायर नाही. तुम्हीच सांगितलं. हे बंद पडत नाही. मला कशाला लागतं? मला श्वास आहे."

दोघे पुरुष मागे येऊन उभे राहिले होते. त्यांच्यातला तो दुधाचा विनोद करणारा आता खाली बघत होता. थोड्या वेळाने तो म्हणाला, "साब, मीही त्या दिवशी तोंडाजवळ धरूनच बसलो होतो. वाटलं, चांगली हवा येते यातून."

या सगळ्यांच्या घरांत ती पेटी येऊन गेली होती. गुरगुरणारी पेटी आणि पारदर्शक नळी म्हटलं की त्यांना एकच गोष्ट माहीत, ती हवा देते. हवा ओढून नेणारी पेटी कोणी करेल, हे त्यांच्या मनात यायचं कारणच नव्हतं.

मी तिला सांगितलं, ही देत नाही, ही घेते. तिने मान हलवली, पटलं नाही. बोलून पटण्यातलं ते नव्हतंच. मी सुपरवायझरला म्हणालो, "दारांवर ताडपत्र्या टाका. आणि चक्की चालू करा, तोटी सोडा, नेहमीसारखी."

भरदुपारी शेडमध्ये काळोख झाला. बाईला मी तोटीपासून दूर, माझ्या शेजारी उभं केलं, तिघांनाही माझ्याकडचे चांगले मास्क बांधले आणि दिवा लावला.

आधी तोटीतून निघालेला तो लोट दिसला. एरवी तिथे स्वच्छ हवा दिसायची. आता तिथून दुधासारखं काही उतू जात होतं. ते गोणीच्या तोंडावरून वर आलं, जिथे बाई रोज उभी राहते तिथे वळलं, आणि डावीकडे, त्या रिकाम्या जागेत शिरलं. आणि तिथे ते थांबलं. चक्कीची गरम हवा एका बाजूने, खांबाचा अडसर दुसऱ्या बाजूने, असं काहीतरी कारण मी नंतर कागदावर काढलं. पण त्या क्षणी कागद नव्हता. त्या क्षणी आम्ही पाच जणांनी पाहिलं की धूळ त्या जागेत उभी राहिली आहे. माणसाच्या उंचीची. खांद्याच्या जागी जराशी रुंद. हळूहळू स्वतःभोवती फिरणारी, एका जागी, पाळी संपायची वाट बघत असल्यासारखी.

ड्रायव्हर केव्हा आत आला होता कोण जाणे. माझ्या मागून त्याचा आवाज आला, "भिया, दिवा बंद करो."

मी बंद केला नाही. कारण आता गमछा दिसत होता. झोतात, तोंडाच्या उंचीवर, त्याची मधली घडी आत जात होती, बाहेर येत होती. आणि प्रत्येक वेळी आत जाताना त्या उभ्या धुळीतून एक बारीक धागा निघून गमछ्यात शिरत होता. श्वास घ्यावा तसा. शांत, न चुकता.

बाई माझ्या शेजारून निघाली. मी अडवायच्या आत ती झोतात शिरली होती. तिने गमछा पेटीसकट खिळ्यावरून ओढून काढला आणि छातीशी धरला. धूळ तिच्याभोवती फुटली आणि परत जमली.

सुपरवायझरने चक्की थांबवली. शांततेत गमछ्याच्या आतून गुरगुर येत होती.

"बंद करा याला," ती मला म्हणाली.

मी बटण दाबलं.

"तो इथे उभा राहून अजून हेच पीत होता," ती म्हणाली. आवाज चढला नव्हता. "आणि मी वरून नळी लावून देत होते."

पेटी माझ्या हातात देऊन ती ताडपत्री बाजूला सारून बाहेर गेली. आम्ही मागे गेलो नाही. फटीतून दिसलं, तिने नळावर गमछा धुतला, पिळला, आणि आवाराच्या टोकाला, वारा जिकडून येतो त्या वरच्या बाजूला, एक कडुनिंब आहे, पांढरं न झालेलं एकच झाड, त्याच्या फांदीला बांधला. बराच वेळ तिथे काहीतरी बोलत होती. मग परत आली आणि माझ्यासमोर कंबर पुढे करून उभी राहिली.

"घाला मला. आज मी काढणार नाही."

"तू राहू दे. मी दुसरं काही करतो."

"दुसरं काय? आकडा यायला पाहिजे ना? कोणीतरी उभं राहिल्याशिवाय तो येतो का?"

मी तिचा मास्क दोनदा तपासला, मग नाक मास्कच्या बाहेर गळ्याशी टाचलं. त्या दिवशी तिने पाळी पूर्ण होईपर्यंत तोटी सोडली नाही. मी खुर्चीत बसलो नाही.

मी निघताना सुपरवायझरला म्हटलं, तो वॉल्व्ह तरी दाखवा, खोकणारा. तो मला धूळ झाडायच्या यंत्रापाशी घेऊन गेला. यंत्र होतं, वॉल्व्हही होता. वॉल्व्हला हवा पुरवणारी नळी मात्र खाली जमिनीवर पडलेली, तिच्या तोंडात कोळ्याने जाळं विणलेलं. जाळं जुनं होतं. सुपरवायझरने ते पाहिलं, मीही पाहिलं, आणि दोघेही चहाकडे वळलो.

या वेळी केमिस्टने मला हाक मारली नाही, ती स्वतःच फिल्टर घेऊन माझ्या टेबलाशी आली. तोलायची गरज दिसत नव्हती, तरी तिने दोनदा तोललं होतं. आकडा हद्दीच्या इतका वर होता की मालकांनी फोनवर तो पुन्हा उच्चारायला लावला. एरवी त्यांनी वेळ मागून घेतला असता, पण तोटीवर उभं राहायला कोणी उरलं नव्हतं. त्या दोघा पुरुषांनीही झोत पाहिला होता. हुड बसला, ओढणारी नळी जोडली गेली, त्या दोघांच्या तोटीलाही. बाई बाहेरच्या ओसरीत गोण्या शिवायला बसली.

हुड बसल्यावर परत मोजायला गेलो, तो ऐन मे महिना. आत आता खांब रिकामा होता, खिळा होता. सुट्टीत मी मुद्दाम कान देऊन बसलो. खोकला आला नाही. खरं सांगतो, थोडी निराशा झाली.

आमच्या कामात एक नमुना बाहेरच्या हवेचाही घेतात, आवारात, वाऱ्याच्या वरच्या बाजूला. त्यासाठी कडुनिंबापेक्षा योग्य जागा नव्हती, हे मी कोणत्याही अदालतीत शपथेवर सांगेन. नाक गमछ्याच्या शेजारी टांगलं, गुंडाळलं नाही, उघडं. दिवसभर चालू ठेवलं.

केमिस्टचा फोन आला तेव्हा मी घरी जेवत होतो.

"काका, आतले सगळे छान आले. बाहेरचा तो झाडावरचा, धूळ काहीच नाही. पण भिजला कसा?"

"भिजला?"

"ओला होता. पूर्ण नाही, जसं काचेवर हाऽ करतो ना, वैसा. मे महिन्यात. कोणी फुंकलं होतं का त्याच्यावर?"

बायकोने माझा चेहरा पाहिला आणि वाढायचं थांबली.

पुढे धारकडे जाणं झालं तेव्हा मी ओसरीत थांबलो. बाई सुतळी ओवत होती. पापण्या काळ्या असलेल्या मी पहिल्यांदाच पाहिल्या. म्हटलं, झाडावरचा नमुना स्वच्छ आला, अगदी स्वच्छ. फक्त जरासा ओला होता, का ते आम्हाला कळलं नाही.

तिने दाभण गोणीतून आरपार काढलं, दोरा ओढला, आणि मान वर न करता म्हणाली, "उन्हात उभा राहतो ना. घाम येत असेल."